अपग्रेडनंतरही ग्राहकाचे दर जागेवर राहावेत यासाठी: सीड डेटा भरण्याची पद्धत

हळदीची पट्टी म्हणजे काय, हे सांगली-मिरजेकडच्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. शेतकऱ्यानं माल आणला, सौदा झाला, वजन झालं, की अडत, हमाली, तोलाई असा खर्च मांडून हिशेबाचा जो कागद होतो ती पट्टी. वर्षभराच्या कष्टाचा हिशेब त्या एका कागदावर असतो.

काही वर्षांपूर्वी मार्केट यार्डातल्या एका अडत दुकानात आमच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती मी रात्री चढवली. सकाळी साडेदहाला दिवाणजींचा फोन आला. "साहेब, पट्टीवर दुकानाचं नावच नाही की! 'दुकानाचे नाव इथे लिहा' असं छापून आलंय. आणि हमाली साडेचार कशी लागली? आपली सहा आहे." मी यार्डात पोचलो तेव्हा जत तालुक्यातले एक वयस्कर शेतकरी ती पट्टी दोन्ही हातांत धरून उभे होते. त्यांनी मला विचारलं, "हे नक्की कुणाच्या दुकानाचं आहे?" 62 पोत्यांची पट्टी होती. पोत्यामागं दीड रुपयाचा फरक, म्हणजे 93 रुपये. हमालांना ठरल्या दरानंच द्यायचे असल्यामुळं ते पैसे अडत्याच्या खिशातून गेले. आणि अशा पट्ट्या सकाळपासून बऱ्याच निघाल्या होत्या.

चूक माझी होती. नव्या आवृत्तीत जिल्ह्यांची यादी सुधारली होती, म्हणून मी सीडची, म्हणजे सुरुवातीला भरून द्यायच्या नोंदींची, अख्खी फाइल पुन्हा चालवली. त्याच फाइलमध्ये हमालीचा नमुना दर होता, पट्टीच्या मथळ्याचा नमुना मजकूर होता. दुकानदारानं दोन वर्षांत बदलून घेतलेलं सगळं एका झटक्यात आमच्या नमुन्यावर परत गेलं. एरर आली नाही, लॉगमध्येही सगळं ठीक दिसत होतं.

सॉफ्टवेअर पहिल्यांदा बसवताना काही नोंदी आधीच भरून द्याव्या लागतात: राज्यं, जिल्हे, एककं, कर, खातेप्रकार, नमुना दर. याच नोंदींना सीड डेटा म्हणतात. कोऱ्या डेटाबेसमध्ये तो भरणं कुणालाही जमतं. खरं काम दुसऱ्या, पाचव्या, अकराव्या अपग्रेडला असतं. इथल्या छोट्या कंपन्यांत नव्यानं लागलेल्या मुलामुलींना हे कुणी बसून शिकवत नाही, म्हणून सगळं एका जागी लिहून काढतो आहे. उदाहरणं पोस्टग्रेस (डेटाबेस) आणि जँगो (पायथनमधलं वेब फ्रेमवर्क) यांची आहेत, कारण मी तेच वापरतो; बाकीच्यांचं जिथं वेगळं आहे तिथं सांगेन. आज्ञा देवनागरीत लिहिल्या आहेत, टाइप करताना अर्थातच नेहमीच्या स्पेलिंगनं करा.

काय काय हाताशी हवं

- ग्राहकाच्या चालू डेटाबेसचा ताजा बॅकअप, त्यांच्या परवानगीनं
- तुमच्या मशीनवर पोस्टग्रेसची तीच आवृत्ती जी ग्राहकाकडे आहे
- सीडच्या फाइली गिटमध्ये (फाइलींतले बदल नोंदवून ठेवणारं साधन), प्रत्येक रिलीजला टॅग लावलेल्या
- टेबलांच्या मालकीचा तक्ता (पायरी 2 मध्ये तो तयार करायचा आहे)
- दोन मजकूर फाइली शेजारी ठेवून फरक दाखवणारं एखादं साधन. डिफ किंवा मेल्ड पुरतं
- दुकानात रोज एंट्री करणाऱ्या माणसाचा फोन नंबर. मालकाचा असतोच, दिवाणजींचा जास्त कामाचा

बॅकअपमध्ये शेतकऱ्यांचे मोबाइल आणि बँक खाते क्रमांक असतात. तालमीसाठी आणलेल्या प्रतीत ते आधी झाका आणि काम झालं की प्रत पुसून टाका. लोकांनी विश्वासानं दिलेली माहिती आपल्या लॅपटॉपवर पडून राहता कामा नये.

1. बॅकअप घ्या आणि तो उघडून बघा

पोस्टग्रेसच्या पीजी_डंप या आज्ञेनं बॅकअप कस्टम फॉरमॅटमध्ये घ्या. पुढं एखादं टेबल तेवढं परत काढायची वेळ आली, तर हा फॉरमॅट कामाला येतो. मग वेगळ्या नावाचा रिकामा डेटाबेस बनवून पीजी_रिस्टोर करा आणि शेवटची पट्टी कोणत्या तारखेची आहे ते बघा. न उघडलेला बॅकअप हा बॅकअप नव्हे. एका ठिकाणी रोज रात्री बॅकअप होतोय म्हणून सगळे निश्चिंत होते, आणि फाइल होती शून्य बाइटची. पासवर्ड बदलल्यापासून तो बनतच नव्हता.

बॅकअप त्याच हार्ड डिस्कच्या दुसऱ्या ड्राइव्हवर ठेवू नका. सी आणि डी ही दोन नावं असली तरी डिस्क एकच असते.

2. प्रत्येक ओळीचा सातबारा ठरवा

या लेखातली एकच पायरी लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. आज्ञा कुठली वापरायची हा प्रश्न नंतरचा. आधी विचारायचं ते हे: सॉफ्टवेअर बसवल्यानंतर ही ओळ कोणाच्या नावावर?

टेबलांची यादी काढा आणि प्रत्येकासमोर तीनपैकी एक शेरा मारा.

*आपली.* ग्राहकानं बदलायचं कारणच नाही अशा नोंदी. जीएसटीचे राज्य कोड (महाराष्ट्र 27, कर्नाटक 29, आपल्याकडे सीमेपलीकडचे व्यापारी कायम येतात, म्हणून दोन्ही लागतात), हळदीचा एचएसएन (जीएसटीतला मालाचा कोड) 0910, बेदाण्याचा 0806, सॉफ्टवेअरचे मेनू आणि परवानग्यांची नावं. या नोंदी दर अपग्रेडला आपण ताज्या करायच्या, नव्हे, केल्याच पाहिजेत.

*त्यांची.* आपण फक्त सुरुवात करून दिली. हमाली, तोलाई, अडतीचा दर, पट्टीचा मथळा, बिलांची क्रमांक मालिका, एसएमएसचा मजकूर. पहिल्या दिवशी आपण नमुना भरला, दुसऱ्या दिवसापासून वहिवाट त्यांची. तिथं आपण पुन्हा पाऊल ठेवायचं नाही.

*सामाईक.* घोळ सगळा इथं होतो. एकाच ओळीत काही रकाने आपले, काही त्यांचे. खात्यांची यादी घ्या. खात्याचा कोड आणि ते ताळेबंदात कुठं जातं, हे आपल्या रिपोर्टांना लागतं. पण खात्याचं नाव 'तोलाई' ठेवायचं की 'तोलाई-मापाई', हे दुकान ठरवतं. म्हणून सामाईक टेबलांत शेरा टेबलाला न मारता प्रत्येक रकान्याला मारा.

हा तक्ता ऑफिसात एकट्यानं बसून भरू नका. मी तसाच भरला होता आणि 'पोत्याचं प्रमाण वजन' हा रकाना आपला धरून बसलो होतो. दिवाणजींसमोर तक्ता ठेवल्यावर त्यांनी चहाचा कप बाजूला सरकवून त्याच ओळीवर बोट ठेवलं: "हे आम्ही मालागणिक बदलतो. हळदीला वेगळं, बेदाण्याच्या पेटीला वेगळं." तासाभरात त्यांनी माझे चार शेरे बदलले.

करांच्या दरांबद्दल इथंच सांगतो. जीएसटीचा दर आपला, यात वाद नाही. पण आपला आहे म्हणून जागेवर खोडून नवा लिहायचा, असं करू नका. 22 सप्टेंबर 2025 पासून जीएसटीचे बरेच दर बदलले. ट्रॅक्टरच्या टायरवरचा 18 चा 5 झाला, ठिबकच्या नोझलवरचा 12 चा 5 झाला. कृषी सेवा केंद्राच्या सॉफ्टवेअरमध्ये जुन्या ओळीतच 12 खोडून 5 लिहिलं, तर ऑगस्टमधलं बिल पुन्हा छापताना त्यावर 5 टक्के येतील. ऑगस्टच्या विक्रीचा माल ऑक्टोबरात परत आला, तर क्रेडिट नोटला मूळ बिलाचा दर लागतो, तोही चुकेल. दराच्या टेबलात 'लागू दिनांक' हा रकाना ठेवा, जुनी ओळ तशीच राहू द्या, खाली नवी ओळ घाला. बिल स्वतःच्या तारखेवरून दर शोधेल.

3. प्रत्येक ओळीला न बदलणारी ओळख द्या

'ही ओळ आधीपासून आहे का?' हे मशीननं कशावरून ओळखायचं? नवखा माणूस दोनपैकी एक उत्तर देतो, आयडी नाहीतर नाव. दोन्ही चुकीची.

आयडी का नको? तुमच्या सीडमध्ये सातव्या क्रमांकावर 'वाराई' आहे. पण ग्राहकानं मधल्या काळात स्वतःचा 'बारदान खर्च' घातला आणि त्याला सात नंबर मिळाला. तुमची सीड चालली की त्याचा बारदान खर्च वाराई होऊन बसतो, आणि मागच्या सगळ्या पट्ट्यांवरचाही. हे मी प्रत्यक्ष पाहिलं आहे. शोधून काढायला दोन दिवस लागले, कारण बेरजा सगळ्या जुळत होत्या, फक्त खर्चाचं नाव बदललेलं होतं.

नाव का नको? नावं बदलतात. 2023 मध्ये उस्मानाबाद जिल्हा धाराशिव झाला, औरंगाबाद छत्रपती संभाजीनगर झाला. नावावरून शोधलंत तर 'धाराशिव' सापडत नाही म्हणून नवी ओळ पडते, जुनी तशीच राहते, आणि यादीत एकच जिल्हा दोनदा दिसायला लागतो. निम्मे शेतकरी एका नावाखाली, निम्मे दुसऱ्या.

मराठीत तर आणखी एक फसवी जागा आहे. 'व्यापाऱ्यांकडील येणे' या शब्दांतला ऱ दोन प्रकारे साठवता येतो: एक अखंड अक्षर म्हणून, किंवा साधा र आणि त्याला जोडलेला नुक्ता म्हणून. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात. डेटाबेसला मात्र ते वेगळे शब्द वाटतात. कुणी एका कीबोर्डवरून टाइप केलं, कुणी दुसऱ्यावरून, की झालं. आमच्या एका ग्राहकाच्या ताळेबंदात हे खातं दोनदा आलं होतं आणि सीए साहेब दोन्ही ओळींकडं बघून "फरक काय आहे यात?" असं विचारत होते. अदृश्य जोडचिन्हांचं आणि नावाच्या शेवटी राहिलेल्या मोकळ्या जागेचं तेच. मराठी मजकूर आत घेतानाच एनएफसी रूपात (दोन प्रकारे साठवता येणाऱ्या अक्षरांचं युनिकोडनं ठरवलेलं एकच रूप) आणून ठेवा. पोस्टग्रेस 13 पासून त्यासाठी नॉर्मलाइज हे फंक्शन आहे.

तेव्हा प्रत्येक सीड ओळीला स्वतःचा छोटा कोड द्या, जो ग्राहकाला पडद्यावर बदलता येणार नाही: 'खर्च.हमाली', 'खर्च.तोलाई', 'जिल्हा.धाराशिव'. कोड साध्या इंग्रजी अक्षरांत ठेवा. एकदा दिला की नाव बदलो, अर्थ थोडा हलो, कोड कायम. ग्राहकानं स्वतः घातलेल्या ओळींचा कोड रिकामा राहील. मग एका नजरेत कळतं, ही आपण दिलेली आणि ही त्यांची स्वतःची.

त्या रकान्यावर युनिक इंडेक्स लावा, म्हणजे तोच कोड दोन ओळींत येऊ शकणार नाही. पुढच्या पायरीतल्या आज्ञा त्याच्याशिवाय चालतच नाहीत. पोस्टग्रेसमध्ये रिकामे म्हणजे नल कोड एकमेकांशी जुळले असं धरलं जात नाही, त्यामुळं ग्राहकाच्या कितीही ओळी कोडाविना राहू शकतात. इथं ते सोयीचं पडतं. पण युनिक इंडेक्स दोन रकान्यांवर असेल आणि त्यातला एक रिकामा राहू शकत असेल, तर हाच नियम उलटा बसतो: दुहेरी ओळी बिनबोभाट आत येतात.

जुन्या ग्राहकांकडे हा रकाना नसेलच. तो घालणं आणि आधीच्या ओळींना कोड चिकटवणं हे वेगळं काम समजा, वेगळ्या अपग्रेडमध्ये करा. त्यात आणखी काही घुसवू नका.

4. शेऱ्याप्रमाणे आज्ञा निवडा

'त्यांच्या' ओळींसाठी:

इन्सर्ट इन्टू खर्च_दर (कोड, नाव, दर)
व्हॅल्यूज ('खर्च.हमाली', 'हमाली', 4.50)
ऑन कॉन्फ्लिक्ट (कोड) डू नथिंग;

ओळ नसेल तर घाल, असेल तर हात लावू नकोस. ही सोय पोस्टग्रेस 9.5 मध्ये, 2016 साली आली.

'सामाईक' ओळींसाठी शेवट बदलतो: ऑन कॉन्फ्लिक्ट (कोड) डू अपडेट सेट, आणि त्यापुढं फक्त आपल्या शेऱ्याचे रकाने. ताळेबंदातला गट लिहा. नाव लिहू नका, दर लिहू नका. सवयीनं सगळे रकाने लिहिले जातात; माझ्या हातून त्या रात्री हेच झालं होतं.

'आपल्या' ओळींसाठी सगळे रकाने ताजे करा. पण आपल्या यादीतून एखादी ओळ गळली म्हणून ती डिलीट करू नका. जुनी बिलं तिच्याकडं बोट दाखवत असतात. 'वापरात नाही' अशी खूण करा, नव्या एंट्रीच्या यादीत ती दिसणार नाही एवढं पुरे.

मायएसक्यूएल वापरणाऱ्यांनी रिप्लेस इन्टू पासून लांब राहावं. नावावरून वाटतं ओळ बदलते. प्रत्यक्षात जुनी ओळ डिलीट होते आणि नवी घातली जाते. आयडी आपोआप वाढणारा असेल तर ओळीला नवा नंबर मिळतो, जे रकाने लिहिले नाहीत ते डिफॉल्टवर जातात, आणि त्या ओळीवर ऑन डिलीट कॅस्केड लावलेलं असेल तर तिच्याखालच्या नोंदीही जातात. एका खर्चाचा दर दुरुस्त करायला जाऊन त्या खर्चाच्या सगळ्या नोंदी गेल्या, असं होऊ शकतं. एसक्यूलाइटमधलं इन्सर्ट ऑर रिप्लेस याच जातीचं. मायएसक्यूएलचं इन्सर्ट इग्नोर बरं, पण ते दुहेरी ओळीबरोबर दुसऱ्याही काही चुका नुसत्या वॉर्निंगवर सोडून देतं. चालवल्यावर वॉर्निंग वाचा.

जँगोमध्ये तीन जागा सांभाळा. लोडडेटा ही आज्ञा फिक्स्चरमधल्या (भरायच्या नोंदींच्या फाइलीतल्या) आयडीची ओळ सापडली की ती फिक्स्चरप्रमाणं लिहून टाकते, न विचारता. पूर्वी 'इनिशियल_डेटा' नावाचं फिक्स्चर असलं की जँगो ते दरवेळी स्वतःहून लोड करायचं; 1.9 मध्ये ती सोय काढून टाकली. जुन्या सवयीनं कुणी तेच काम सुरुवातीच्या स्क्रिप्टमध्ये घातलंय का, ते तुमच्या प्रोजेक्टमध्ये तपासा.

तिसरी जागा गेट_ऑर_क्रिएट. नाव ऐकून सुरक्षित वाटतं, आणि आहेही, पण रकाने योग्य जागी लिहिले तर. शोधायच्या अटीत फक्त कोड द्यायचा आणि दर, नाव वगैरे डिफॉल्ट्समध्ये. कोड आणि दर दोन्ही अटीत लिहिले, तर 'हमाली, साडेचार' अशी ओळ शोधली जाते. ग्राहकाची हमाली सहा आहे, म्हणून सापडत नाही, आणि दुसरी हमाली तयार होते. युनिक इंडेक्स असेल तर निदान एरर येते. नसेल तर पट्टीवर हमाली दोनदा लागते. अपडेट_ऑर_क्रिएट फक्त 'आपल्या' ओळींना.

लाराव्हेलमध्ये फर्स्टऑरक्रिएट आणि रेल्समध्ये फाइंड_ऑर_क्रिएट_बाय हे गेट_ऑर_क्रिएटचेच भाऊबंद. ओडूमध्ये डेटा फाइलीत 'नोअपडेट' एक केलं की मॉड्यूल अपग्रेड करताना त्या नोंदी तशाच राहतात. ओडूवाल्यांनी हे पहिल्याच इन्स्टॉलच्या आधी ठरवावं. एकदा नोंद बसल्यावर ती खूण डेटाबेसमध्येच साठलेली असते, नुसती फाइल बदलून ती बदलत नाही.

आयडी हातानं देऊन ओळी घातल्याच असतील, तर पोस्टग्रेसचा सीक्वेन्स (पुढचा आयडी देणारा गणक) मागंच राहतो. ग्राहक पहिली नवी नोंद करायला जातो आणि 'हा आयडी आधीच आहे' म्हणून पडदा लाल होतो. सेटव्हॅल वापरून सीक्वेन्स सर्वांत मोठ्या आयडीवर आणून ठेवा.

5. काढलेली ओळ पुन्हा उगवू देऊ नका

डू नथिंगची एक मर्यादा आहे. ग्राहकानं 'वाराई' आपल्याला लागत नाही म्हणून डिलीट केली. पुढच्या अपग्रेडला सीड बघते, ओळ नाही, घालते. ग्राहक पुन्हा काढतो. तिसऱ्या वेळी तो फोन करतो, आणि त्याचं बरोबर असतं. ओळ काढणं हाही त्याचा बदलच आहे.

उपाय असा, की आपण काय दिलं याची डेटाबेसमध्येच एक नोंदवही ठेवायची. चार रकान्यांचं टेबल: कोड, कोणत्या आवृत्तीत दिलं, कधी, आणि त्या वेळी काय मूल्य दिलं. सीड चालताना आधी नोंदवही बघायची. कोड तिथं असेल आणि टेबलात ओळ नसेल, तर ती ग्राहकानं काढली आहे; पुढं जा. नोंदवहीतच कोड नसेल, तर ओळ खरंच नवी आहे. घाला आणि नोंद करा.

चौथ्या रकान्याचा उपयोग कळायला मला वेळ लागला, पण आता त्याच्याशिवाय मी काम करत नाही. समजा एसएमएसच्या नमुना मजकुरात आपलीच शुद्धलेखनाची चूक होती. मजकूर 'त्यांचा' आहे, म्हणून आपण हात लावत नाही. मग ज्यांनी तो कधी बदललाच नाही, त्यांच्याकडं ती चूक वर्षानुवर्षं राहणार. नोंदवहीत आपण दिलेलं मूल्य असेल, तर तीन गोष्टी शेजारी ठेवता येतात: तेव्हा दिलेलं, आत्ता असलेलं, नव्यानं द्यायचं. दिलेलं आणि असलेलं तंतोतंत सारखं असेल, तर ग्राहकानं ते हाताळलेलं नाही, नवं लिहा. वेगळं असेल, तर ते त्यांचं झालं. सोडून द्या आणि अहवालात एक ओळ टाका. डेबियन लिनक्स कॉन्फिगरेशनच्या फाइलींबाबत जवळपास हेच करतं, फाइल बदललेली आढळली तर विचारल्याशिवाय तिच्यावर लिहीत नाही.

दराच्या बाबतीत मात्र ही युक्ती वापरू नका. ग्राहकाचा दर नमुन्याइतकाच असेल, तर तो त्यानं विचार करून तसाच ठेवलेला असू शकतो. पैशाशी संबंध असलेली कुठलीही 'त्यांची' ओळ, सारखी असो वा वेगळी, विचारल्याशिवाय बदलायची नाही.

6. रंगीत तालीम

पायरी 1 मधल्या प्रतीवर अपग्रेड चालवा. त्याआधी आणि त्यानंतर 'त्यांच्या' आणि 'सामाईक' टेबलांतल्या सगळ्या ओळी कोड व आयडीच्या क्रमानं मजकूर फाइलीत काढा आणि फरक बघा. नुसती ओळींची संख्या मोजून समाधान मानू नका. त्या रात्री माझी संख्या आधीही 14 होती, नंतरही 14. आतले आकडे बदलले होते.

फरकाच्या फाइलीत असं काही दिसलं, तर तिथंच थांबा:

उणे: खर्च.हमाली | हमाली | 6.00
अधिक: खर्च.हमाली | हमाली | 4.50

जो फरक दिसतो त्यातल्या प्रत्येक ओळीचं कारण तुम्हाला सांगता आलं पाहिजे. 'बहुतेक ठीक असेल' असं वाटणारी ओळ हीच बघायची ओळ.

मग तेच अपग्रेड त्याच प्रतीवर दुसऱ्यांदा चालवा. या वेळी फरक शून्य आला पाहिजे. नाही आला, तर सीडमध्ये कुठंतरी दुहेरी ओळी तयार होत आहेत.

सीड एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये (झालं तर सगळं, नाहीतर काहीच नाही) चालवा, म्हणजे मधेच वीज गेली तर अर्धवट काही राहत नाही. मायएसक्यूएलमध्ये टेबलाची रचना बदलणारी आज्ञा आली की तोवरचं काम आपोआप कमिट, म्हणजे कायम, होतं. तिथं रचनेचे बदल आधी उरकून घ्या, सीड वेगळी.

एका ग्राहकाची प्रत पुरत नाही. सर्वांत जुना ग्राहक, सर्वांत जास्त बदल करून घेतलेला ग्राहक आणि एक कोरा डेटाबेस, एवढ्यांवर तरी चालवा. कोरा विसरला जातो, आणि मग नवीन इन्स्टॉललाच हमालीची ओळ नसते.

7. प्रत्यक्ष दुकानात

फेब्रुवारी-मार्चला नव्या हळदीची आवक सुरू असताना अपग्रेड करू नका, आणि 31 मार्चच्या आसपास तर नकोच. सौदे बंद असतील त्या दिवशी, संध्याकाळी, सगळ्या मशीनवरून सॉफ्टवेअर बंद करायला सांगून, पुन्हा ताजा बॅकअप घेऊन मगच सुरू करा.

झाल्यावर एक जुनी पट्टी पुन्हा छापा आणि आधीच्या छापील प्रतीशी ताडून बघा. मग एक नवी पट्टी नमुन्यादाखल करा, छापा, रद्द करा. दोन्ही कागद दिवाणजींच्या हातात द्या. ते मथळा, दर आणि शेवटची रक्कम ज्या वेगानं तपासतात, त्या वेगानं आपलं कुठलंही साधन तपासत नाही. फरकाच्या अहवालाची एक प्रतही त्यांच्याकडं ठेवा: काय नवं आलं, काय तसंच ठेवलं.

8. तरीही दर बदलले गेलेच, तर

घाबरून बॅकअप सरळ रिस्टोर करू नका. सकाळपासून दुकानात पट्ट्या झालेल्या असतात. रिस्टोर केलंत की त्याही जातात.

आधी एंट्री थांबवायला सांगा, आणि कारणही सांगा. आत्ताच्या स्थितीचाही एक बॅकअप घ्या. मग कालचा बॅकअप वेगळ्या नावानं शेजारी उघडा आणि फक्त बिघडलेलं टेबल 'खर्च_दर_काल' अशा नावानं चालू डेटाबेसमध्ये आणा. कोडावरून दोन्ही जुळवा, कोड नसलेल्या जुन्या ओळी आयडी आणि नाव दोन्ही जुळत असतील तरच घ्या, आणि फक्त 'त्यांचे' रकाने परत लिहा. आधी सिलेक्टनं यादी काढून दिवाणजींना वाचून दाखवा, त्यांनी हो म्हटल्यावर अपडेट.

शेवटी अपग्रेडनंतर निघालेल्या पट्ट्यांची यादी काढा, क्रमांक, शेतकऱ्याचं नाव, लागलेला दर, लागायला हवा होता तो दर आणि फरक. त्या दिवशी आम्ही ही यादी घेऊन बसलो आणि दुपारी चारपर्यंत सगळ्या पट्ट्या दुरुस्त करून पुन्हा छापल्या. जतचे ते शेतकरी तोवर थांबले होते. नवी पट्टी त्यांनी पिशवीत ठेवली, जुनी माझ्याकडं दिली. ती मी अजून टेबलाच्या काचेखाली ठेवली आहे.